आयला पुस

आमच्या घरी कॉम्प्युटर एकच होता आणि त्यात संसार दोघांचा होता. अर्धी डिस्क नवऱ्याची, अर्धी माझी. बटण दाबलं की काळा पडदा यायचा आणि त्यावर दोन ओळी उमटायच्या. वरची ‘माझं’, खालची ‘तिचं’. त्याही रोमन अक्षरांत, कारण त्या वेळी मशीन अर्धवट झोपेत असतं, त्याला देवनागरी सुचत नाही. ‘माझं’ म्हणजे त्याचं लिनक्स, ‘तिचं’ म्हणजे माझं विंडोज. पटकन बाण दाबून खालच्या ओळीवर गेलं नाही, तर मशीन मुकाट्याने त्याच्याकडे वळायचं. यावरून मी भांडले होते. म्हटलं, दर महिन्याला पगार माझा येतो, वरची ओळ माझी हवी. तो म्हणाला, तू उठतेस किती वाजता? विषय संपला.

आम्ही दोघंही डिझाइनवाले. मी न्हावा शेव्याजवळच्या एका कंपनीसाठी कंटेनर उचलायच्या लोखंडी सांगाड्यांची ड्रॉइंगं करते. कुठल्या कोपऱ्यावर किती ताण येईल, कुठली प्लेट किती जाड हवी, हे माझं काम. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं ते तसंच राहिलं, म्हणून पनवेलची खोली सोडून आम्ही त्याच्या गावी आलो. श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राला लागून कोळ्यांची वस्ती आहे, तिथे. तो आधीच नोकरीला कंटाळला होता. इथे येऊन फायबरच्या होड्यांचे साचे, रिसॉर्टवाल्यांच्या शेड, पाण्याच्या टाकीचे स्टँड, जे येईल ते करायचा. पहाटे तो मशीनवर बसायचा, दहाला उठायचा. मग मी मशीन बंद करून पुन्हा चालू करायचे आणि ‘तिचं’वर जायचे. खुर्ची त्याच्या अंगाने गरम असायची.

एका मशीनवर दोन सिस्टीम कशाला, असं ज्याला त्याला वाटायचं. अहो, हौस नव्हती. माझ्या कंपनीचं डिझाइन सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही. त्याचं फुकटचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतं, पण त्याला विंडोज नको. म्हणायचा, तू भाड्याच्या घरात राहतेस. दरवर्षी लायसन्सचं भाडं भरायचं आणि घरमालक म्हणेल तेव्हा भिंती हलवायच्या. मी म्हणायचे, आणि तुझ्या स्वतःच्या घराला छप्पर नाही त्याचं काय? माझा एक पूर्ण सांगाडा त्याच्याकडे उघडला की भोकं एकीकडे आणि बोल्ट भलतीकडे.

एकदा त्याने हट्टाने माझं सॉफ्टवेअर त्याच्या लिनक्समध्ये चालवायचं ठरवलं. त्यासाठी मधे बसवायचा एक प्रोग्राम असतो, त्याचं नाव वाइन. मी म्हटलं, नावातच सगळं आलं. सॉफ्टवेअर उघडलं, पडद्यावर त्याचं चित्र झळकलं आणि लायसन्स तपासायच्या जागी जे लटकलं ते लटकलंच. मग त्याने लिनक्सच्या पोटात दुसरं नकली मशीन तयार केलं आणि त्यात विंडोज बसवलं. ते चाललं, पण ग्राफिक्स कार्ड काही त्याच्या हाती लागेना. सांगाडा माउसने फिरवायला गेलं की तो डबक्यातून म्हैस उठावी तसा उठायचा. शेवटी त्याने माझ्यापुढे हात जोडले आणि डिस्कचे दोन भाग केले. “घे, अर्धी तुझी, अर्धी माझी, आयला!”

हे ‘आयला’ त्याचं दिवसभर चालायचं. फाइल उघडली नाही, आयला. उघडली, तरी आयला. मशीनशी तो तेवढंच बोलायचा. माझ्याशी मात्र स्वच्छ पुस्तकी मराठीत. कारण मी म्हसळ्याच्या एका मास्तरांची मुलगी, आणि आमच्या घरी कुणी ‘न्हाय’ म्हटलं की वडील तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. दार ओलांडून ओट्यावर आईपाशी गेला की याची जीभ बदलायची. मी चिडवायचे, तूच दोन सिस्टीमचा आहेस, उंबऱ्याबाहेर गेलास की रीस्टार्ट होतोस.

त्याच्या भागाला कुलूप होतं. वरच्या ओळीवर गेलं की मशीन आधी पासवर्ड मागायचं, आणि कुठल्या डिस्कचा पासवर्ड हवाय ते तिचं नाव लिहून मागायचं. त्या नावाच्या जागी त्याने टाकलं होतं, ‘आयला’, मग खाली एक रेघ, मग ‘पुस’. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खो खो हसले.

“आयला, पुस? हे कसलं नाव रे?”

“असू दे. विसरलो तर उपयोगी पडेल.”

“विसरलास तर पुसावंच लागेल, दुसरं काय!”

तोही हसला.

सासूबाई सुक्या मासळीचा धंदा करतात. मी त्यांना आई म्हणते. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन त्या निघतात आणि सुपारीच्या बागांमधल्या गल्ल्यांतून त्यांची आरोळी फिरते, “बोंबील, जवला, सोडे, वाकट्याऽ!” इतक्या वर्षांत क्रम बदललेला नाही. पाटीत वाकट्या नसल्या तरी आरोळीत असतातच. आणि निघतानाची पहिली आरोळी त्या बरोब्बर माझ्या खिडकीखाली ठोकतात. एकदा कंपनीच्या मीटिंगमध्ये मी बोलत असताना ती सगळ्यांच्या कानात घुसली. साहेबांनी विचारलं, “मॅडम, मार्केटमध्ये आहात का?” तेव्हापासून त्यांच्या चपलांचा आवाज आला की माझा हात आधी माइककडे जातो.

मासळी वाळवायला अंगणात बांबूच्या काठ्या आडव्या बांधलेल्या. वर आभाळ. मासळी घातली की कावळे, कुत्री, आणि मधेच एखादी अवेळी सर आली की सगळा माल कुजणार. सासूबाईंना एक मांडव हवा होता. चार लोखंडी खांब, वर आरपार दिसणारे पत्रे, आभाळ भरलं की एका दोरीने मिटायचे आणि ऊन पडलं की उघडायचे. मुलाला म्हणाल्या, “लोकांच्या व्होड्या काढतोस, माझं बी येक काढ.” त्याने काढायला घेतलं आणि मग काढतच राहिला. रोज जेवताना आईला सांगायचा, मांडव मशीनमधे उभा हाय, आता अंगनात आनायचा तेवढा बाकी. मलाही एकदा पडद्यावर छप्पर मिटताना-उघडताना दाखवलं होतं. सुरेख चाललं होतं. कसं चाललं होतं, पत्रे एकमेकांखाली कसे सरकत होते, ते मी नीट पाहिलं नाही. माझी मीटिंग होती. ते ड्रॉइंग त्याच्या अर्ध्या डिस्कमध्ये होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं.

ऑक्टोबरच्या उन्हात त्याने अंगणात चार खांब उभे केले. पाचव्या दिवशी की सहाव्या, वेल्डिंग करताना तो खाली बसला. मी खिडकीतून पाहिलं. वाटलं, सांधा बघतोय. मी परत कामाला लागले. मग आईंची हाक आली. हृदय बंद पडलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यात कुणाला काही करण्यासारखं नव्हतं म्हणे.

त्यानंतरचं सगळं मला आठवतं, पण त्याला चव नाही. ताप येऊन गेल्यावर तोंडाची असते ना, तशी. मी रडले नाही. बायका एकमेकींना सांगायच्या, धक्का बसलाय, हिला रडवा. कसलं डोंबलाचं रडवा? मी त्यांना चहा विचारत होते आणि त्या माझ्याकडे भूत बघावं तशा बघत होत्या.

त्याला नेलं तेव्हा वस्तीतल्या बायका माझ्याभोवती बसल्या होत्या. त्यांच्यातली एक वयस्कर बाई माझ्या कपाळाकडे बघून सासूबाईंना काहीतरी म्हणाली. सासूबाई भिंतीला टेकून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “तिला पुसा आधी.”

झालं! मला वाटलं, यांनीसुद्धा? आमच्या घरी असलं काही नसतं. आम्ही बौद्ध, लग्नही आमचं रजिस्टर झालेलं. माझी आत्या नर्स होती, नवरा गेल्यानंतरही ती रोज टिकली लावून ड्युटीला जायची आणि तिला बोलायची कुणाची टाप नव्हती. मीही माहेरी भांडखोर म्हणून प्रसिद्ध. एरवी मी ती खोली डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी मनात आलं, पुसायचंय ना, मग पुसा, थांबता कशाला. कुणी पुढे येईना. शेवटी मीच टिकली काढली आणि उलट्या हाताने कपाळ पुसलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे गॅस आला का, पाणी भरलं का, जेवतेस का. त्यांनी ‘पुसा’ म्हटलेलं माझ्या मनात बसलं होतं. राग म्हणावा तर तेवढा जोरही त्यात नव्हता. आतल्या आत एक दार लावून घेतलं होतं आणि ते उघडायला उठायचा मला कंटाळा आला होता.

दिवसकार्य उरकलं. मी कामावर बसले. सगळे म्हणाले, कामात मन रमेल. मन काही रमलं नाही, काम मात्र झालं. सकाळी मशीन चालू केलं की त्या दोन ओळी. माझं, तिचं. कधी बोट उशिरा पडलं की मशीन त्याच्याकडे जायचं आणि पासवर्ड मागायचं, आयला पुस. मी बटण दाबून धरून मशीन बंद करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. खुर्ची गार असायची. महिनाभराने सासूबाईंनीही पाटी उचलली, आणि खिडकीखाली आरोळी पुन्हा सुरू झाली.

अशात कंपनीचं फर्मान आलं. डिझाइन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येतेय, जुनी बंद होणार. नवीला नवंच विंडोज लागणार आणि डिस्कवर जागा भरपूर लागणार. महिनाअखेरपर्यंत सगळ्यांनी मशीन तयार ठेवा, नाहीतर तुमच्याकडचं काम दुसऱ्याकडे जाईल. माझ्या अर्ध्या डिस्कमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो नेहमीसारखा घाईत होता. “मॅडम, वो लिनक्सवाला पार्टिशन उडा दो ना. सिंपल है. दो मिनिट का काम.”

उडा दो. बरं.

आधी कुलूप उघडतंय का ते बघावं, म्हणून मी बसले. मांडवाचं ड्रॉइंग तरी काढून घ्यावं. घरच्या होडीचं नाव टाकलं, गावाचं टाकलं, सासऱ्यांचं, लग्नाची तारीख, त्याच्या पहिल्या मोटरसायकलचा नंबर. दर वेळी मशीन तेच म्हणायचं, चुकलं, पुन्हा द्या. सासूबाई मागच्या दारी बोंबील निवडत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, “काय झालं गो? इतका येळ?” मी म्हटलं, “काही नाही, मशीनचं काम.” त्यांना मशीनमधलं काय सांगायचं, आणि कशाला.

म्हसळ्याला एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आहेत, मशीन आणलं तेव्हापासून ओळखीचे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, कुलूप आम्हाला काय, कुणालाच उघडता येणार नाही, मिस्टरांनी पक्कं काम केलंय. पण पुसू नका. नवी डिस्क टाकू, ही काढून जपून ठेवा. पुढेमागे आठवला पासवर्ड तर?”

शहाणा सल्ला होता. मी नको म्हटलं. ठेवून काय करू? कपाटात त्याचे शर्ट ठेवले होते. वेल्डिंगचा चष्मा ठेवला होता. अंगणात चार खांब होते, त्यांच्यावर आता आम्ही कपडे वाळत घालायचो. ठेवलेल्या वस्तूंनी घर भरलं होतं आणि त्यातली एकही बोलत नव्हती. त्यात आणखी एक बंद डबी कशाला? पासवर्ड ज्याला ठाऊक होता तो गेला. मांडवाचं काय, खांब उभे आहेत, मोजमाप घेऊन मीच काढीन. इंजिनिअर आहे मी, पोपट नाही पाळलेला.

तरी दोन दिवस हात होईना. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मी शेवटचं म्हणून वरच्या ओळीवर गेले. आयला पुस. मी त्या अक्षरांकडे बघत बसले आणि मला एकदम हसू फुटलं. अरे, हा तर केव्हापासून सांगतोय! आयला, पुस की! एवढा कसला विचार करतेस? मला त्याचा आवाजच ऐकू आला, खुर्चीत रेलून म्हटल्यासारखा. विसरलो तर उपयोगी पडेल, असं तोच म्हणाला होता. तो गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी. बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. वाटलं, परवानगी मिळाली.

मग मी माझ्या बाजूला आले आणि त्याच्या भागावर खूण करून ‘काढून टाका’ दाबलं. मशीनने विचारलं, यातली सगळी माहिती जाईल, चालेल का? हो म्हटलं. एका क्षणात त्याचा रकाना पांढरा झाला. याहून जास्त वेळ तर भाजीला फोडणी द्यायलाही लागतो.

पुन्हा चालू केलं तर मशीन सुरूच होईना. ना ‘माझं’, ना ‘तिचं’. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच शब्द, वाचवा, अशा अर्थाचा, आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ. दोन्ही ओळी दाखवणारा दरवानसुद्धा त्याच्याच भागात राहत होता, हे मी विसरले होते. माझ्याकडे यायची वाट त्याच्या अंगणातून होती. वाचवा म्हणे. आता कुणाला वाचवू? मशीन गोणपाटात गुंडाळून रिक्षाने म्हसळ्याला नेलं. दुरुस्तीवाल्यांनी काही न बोलता ते सरळ करून दिलं, नवं विंडोज टाकलं, पूर्ण डिस्क मला दिली. महिनाअखेरच्या आत मी कंपनीला कळवलं, मशीन तयार आहे. साहेबांनी अंगठा पाठवला.

नवी आवृत्ती छान चालली. सांगाडे झरझर फिरू लागले. मला त्याचं काही वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. सकाळी बटण दाबलं की काहीही न विचारता मशीन थेट माझ्याकडे यायचं.

मग थंडीचं कोरडं ऊन पडायला लागलं आणि होड्यांवर बोंबील यायला लागले. एका संध्याकाळी सासूबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आत कधी येत नाहीत, अंगाला मासळीचा वास असतो म्हणून. मशीनकडे बोट करून म्हणाल्या, “त्यातला मांडव काढून दे गो मला. खांब हायत. वरचं कसं करायचं ते कागदावर दे, लोहाराला दाखवते.”

“तो नाही आता, आई.”

“न्हाय म्हंजे?”

“पुसला.”

“कुनाला पुसलंस?”

मला वाटलं, त्यांना कळलं नाही. “कुणाला म्हणजे? मशीनमधलं त्याचं सगळं पुसलं. मला कामाला जागा हवी होती. आणि त्याला कुलूप होतं, ते कुणालाच उघडता येत नव्हतं.” मी पुढे म्हटलं, थोडं हसूनच म्हटलं, “आणि त्यानेच लिहून ठेवलं होतं की.”

“काय लिवलं व्हतं?”

“आयला पुस.”

संध्याकाळचा अंधार पडत होता, दिवा लावायचा राहिला होता.

“मंग?”

“मग काय?”

“मंग मला का न्हाय पुसलंस?”

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. या घरात आईला आय म्हणतात. या घरात पुसणं म्हणजे विचारणं. लग्न झाल्यापासून ओट्यावर मी हेच ऐकत आले होते. घरातल्या सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेला असतात, कपाटाची, मागच्या दाराची, होडीच्या इंजिनची, आणि चावी कुठे आहे असं कुणी ओरडलं की आतून कुणीतरी ओरडतं, आयला पुस. मी ते मास्तरांच्या मुलीच्या मराठीत वाचलं होतं. त्याने ते लिहिलं होतं ओट्यावरच्या भाषेत.

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. “त्यानं सांगून ठेवलं व्हतं मला. म्हनला, आय, मशीनची चावी तुझ्यापाशी ठेवतो, मी इसरनारा मानूस. कुनी पुसलं तर सांग. मी म्हनले, माझ्या काय ध्यानात ऱ्हानार रं? तर म्हनला, ऱ्हाईल. तू रोज वरडतेस तेच हाय. बोंबीलपासून वाकट्यापातूर, येक बी शब्द मागंफुडं न्हाय.”

मी खुर्चीवरून उतरून खाली बसले.

“मला वाटलं, तू पुसशील. तुझी घाई न्हाय, मंग आपन का मधी पडा? येवढे दिस वाट बघितली गो.” त्या पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडेच होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तवा बी बायांना मी तेच म्हनले. तिला पुसा आधी. टिकली ठेवायची का काढायची ते तिचं तिला ठरवू द्या. तर तू आपली पुसूनच मोकळी झालीस. मला वाटलं, तुलाच नको असंल.”

“आई, मला वाटलं तुम्ही...”

“व्हय,” त्या म्हणाल्या, “आता कळलं.” आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आत जाऊन दिवा लावला, भात टाकला.

त्या रात्री आम्ही जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

सकाळी मी मशीन चालू केलं. कंपनीची मीटिंग होती, साहेब नव्या सांगाड्याच्या वजनाबद्दल विचारत होते आणि मी त्यांना सांगत होते. बाहेर चपलांचा आवाज आला. माझा हात सवयीने माइककडे गेला. तेवढ्यात खिडकीखाली त्या थांबल्या, पाटी सावरली आणि नेहमीच्या आवाजात, जितक्या जोरात रोज ओरडतात तितक्याच जोरात ओरडल्या, “बोंबील, जवला, सोडे, वाकट्याऽ!”

माझा हात तिथेच राहिला. रोज सकाळी, माझ्या डोक्यापाशी, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं त्या हेच ओरडत होत्या. मी ते ऐकू जाऊ नये म्हणून माइक बंद करत होते.

साहेब म्हणाले, “मॅडम? आवाज येतोय का माझा?” मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडायला लागले, सगळ्यांसमोर, मोठ्याने. सासूबाई सुपारीच्या बागेपर्यंत पोचल्या होत्या, तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता, त्याच क्रमाने.